गाळलेली वाट

मोहसिन हमीद यांची ‘एक्झिट वेस्ट’ ही २०१७ची कादंबरी मी २०२०च्या पावसाळ्यात हाती घेतली आणि अर्ध्यावर मिटून ठेवली. युद्धात होरपळणाऱ्या शहरातून सईद आणि नादिया निसटतात ते एका काळ्या दारातून. आत पाऊल टाकलं की थेट ग्रीसचं बेट. मधली वाट गाळलेलीच. मला ते खोटं वाटलं, रागही आला.

कारण ती वाट मी पाहिली होती. आमचं फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी. जालन्याहून भुसावळकडे जाणारी सडक आमच्या टी पॉइंटवरून जाते. टाळेबंदीच्या त्या मे महिन्यात डोक्यावर बोचकी आणि पायांना चिंध्या बांधलेली माणसं इथून जाताना पाहिली. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले, जालन्यात पोलाद कारखान्यात कामाला असलेले; त्यांनाही भुसावळच गाठायचं होतं. रुळांऐवजी सडक धरली असती तर आमच्या इथं पाणी प्यायला थांबले असते, हा विचार अजून पाठ सोडत नाही. चालणं वगळून विस्थापनाचं पुस्तक लिहूच कसं शकतं कुणी, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे.

मत बदललं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईमुळे. मी तालुक्यातल्या शाळांवर मास्तरकी केली. दिवाळी झाली की तांड्यावरची पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. मी हजेरीत ‘गैरहजर’ लिहायचो आणि आईबापांना बोलायचो, पोरांचं वाटोळं करता म्हणून. माझ्या लेखी विस्थापन म्हणजे धरण, ‘झाडाझडती’ कादंबरीतलं, किंवा युद्ध. हे लोक तर मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन आपल्या पायांनी जातात, हंगाम संपला की परततात. त्यांना मी त्या शब्दात कधी धरलंच नाही.

त्या विद्यार्थ्याची आईही ऊसतोडीला जाणारी. तिला मी प्रवासाचं विचारलं. ती म्हणाली, “वाटेचं काय सांगू गुरुजी? रात्री ट्रकात बसायचं. पोरं झोपतेत, मी बी झोपते. डोळा उघडला की फड.”

हे तर तेच दार! घरी येऊन कादंबरी पुन्हा काढली आणि रात्रीत संपवली. हमीदनं वाट गाळली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना जीव ओतला, हे मला तेव्हा दिसलं. अलीकडे सईदचा बाप, बायकोची कबर त्याच शहरात म्हणून मागेच राहणारा. पलीकडे छावणी, परक्या नजरा आणि एकमेकांपासून हळूहळू सुटत जाणारी दोन माणसं. फडातही असंच. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, मोजणीही कोयत्यांची. नावं तांड्यावरच राहतात, म्हाताऱ्यांजवळ. दुपारच्या उन्हात माझ्यासमोरून चालत गेलेल्यांसाठी मी रडलो. शाळेमागून रात्री ट्रकात बसून गेलेल्यांना मी लाल शाईत ‘गैरहजर’ ठरवलं, तेही वर्षानुवर्षं. याची मला लाज वाटते.

पुढे कधीतरी तिला मी कादंबरीची गोष्ट सांगितली. युद्धाचं, बेटाचं तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हाताऱ्याचं काय झालं?”

मागंच वारला, पोराला दूर परमुलखात कळलं, असं मी म्हणालो.

“आमचा सासरा बी हंगामातच गेला,” ती म्हणाली. “निरोप फडात आला. मोळ्या भरून झाल्यावर मुकादमानं सांगितला.”