उंबऱ्यावरचा जीव

‘मुसलमानाच्या घरात कुत्रा?’ हा प्रश्न गेल्या चार महिन्यांत मला दोन्ही बाजूंनी विचारला गेला. मशिदीतून बाहेर पडताना जाणती माणसं काळजीने विचारतात, बाजारपेठेत हिंदू मित्र कुतूहलाने विचारतात, ‘तुमच्यात चालतं का?’ दोघांनाही चपला घालता घालता देण्यासारखं उत्तर माझ्याजवळ नाही, म्हणून हे लिहितोय. मुलांच्या हट्टापायी ज्यांच्या घरी छोट्या जातीचं पिल्लू आलंय आणि घरातली थोरली माणसं नाराज आहेत, त्यांनाही यातून काही हाती लागेल.

आमच्याकडचं पिल्लू पुण्याहून आलं. मेहुण्याने फ्लॅटमध्ये पाळायला घेतलं आणि महिन्याभरात त्याची बदली झाली. विकणाऱ्याने ‘पॉमेरियन’ सांगून दिलेलं. आपल्याकडे पॉम म्हणून विकली जाणारी बरीच पिल्लं खरं तर इंडियन स्पिट्झ असतात. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्याच जातीचा. अडीच महिन्यांचं, पांढरंशुभ्र, मुठीत मावेल एवढ्या तोंडाचं. माझ्या मुलीने नाव ठेवलं बादल.

अम्मी चौऱ्याहत्तरीच्या आहेत. पाच वक्तांची नमाज त्यांची कधी चुकत नाही. मधल्या खोलीत खिडकीजवळ त्यांचा मुसल्ला अंथरलेला असतो. बादल आला त्या संध्याकाळी त्यांनी एकच वाक्य सांगितलं, ‘मेरे मुसल्ले के पास उसकू नको आने देव. आया तो मैं छोटे के घर जाती.’ छोटा म्हणजे माझा धाकटा भाऊ. अम्मी उगाच बोलत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मग बाहेर बांधावा, तर नेवाशात ते सोपं राहिलेलं नाही. आमचं घर गावाच्या कडेला, प्रवरेच्या अंगाला. मागे ऊस. उसात बिबट्या असतो हे आता आमच्या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही; अंधार पडला की शेळ्या आत आणि गाडी सावकाश. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला होता. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात एकट्या कुत्र्याचा वाटा वजनाच्या हिशोबाने सुमारे ३९ टक्के निघाला. शेळी, गाय, रानटी जनावर सगळी त्याच्या मागे. अंगणात साखळीला बांधलेलं दीड-दोन किलोचं पिल्लू म्हणजे आपण वाढून ठेवलेलं ताट.

आत अम्मींचा मुसल्ला, बाहेर बिबट्या. मधे उरली पडवी. तिला लोखंडी जाळी आहे, वर स्लॅब आहे, आणि तिथून उंबरा ओलांडला की मधली खोली. तिथे त्याची जागा करायची ठरलं, आणि शहरात ज्याला ‘क्रेट’ म्हणतात ती वस्तू घरात आली.

या वस्तूला मराठीत शब्द सापडेना. कोंबड्यांना खुराडं आहे, गुरांना गोठा, घोड्यांना तबेला, पोपटाला पिंजरा. कुत्र्याची जागा कायम दारात; दाराला वेगळं नाव कशाला? मुलगी ‘केज’ म्हणाली, अम्मी ‘पिंजरा’ म्हणाल्या, आणि पिंजरा म्हटलं की कैद आलीच. पण भिंती तर गोठ्यालाही असतात आणि कोंडवाड्यालाही. संध्याकाळी गाय दावं न ओढता आपल्या पायांनी गोठ्यात शिरते. कोंडवाड्यात तिला हाकलत न्यावं लागतं. फरक भिंतींत नाही, जनावर आत कसं जातं त्यात आहे. माझ्या मते क्रेटचं सगळं शास्त्र या एका फरकात येतं.

नेवासा फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून आम्ही २४ इंच लांबीचा क्रेट करून घेतला, बारीक जाळीचा, म्हणजे पंजा किंवा जबडा अडकायला नको. मुलीला मोठा हवा होता, ऐसपैस. आमच्या गावात हा शब्द जरा जपून वापरावा लागतो, कारण ज्या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो पैस खांब इथलाच. दुर्गा भागवतांनी आपल्या पुस्तकाचं नाव ‘पैस’ ठेवलं ते त्याच्यावरून. पण पिल्लाच्या बाबतीत ऐसपैस जागा उपयोगाची नाही. कुत्र्याचं पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही, आणि क्रेटचा उपयोग या उपजत सवयीवर उभा आहे. जागा फार मोठी झाली की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करतं. फार लहान असेल तर तो छळ. ताठ उभं राहता यावं, गर्रकन वळता यावं, पाय पसरून आडवं होता यावं, एवढं माप पुरे.

पहिले दोन दिवस दार सुतळीने बांधून उघडं ठेवलं. आत जुनी गोधडी. मुलगी उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे आत टाकायची. बादल आत जायचा, तुकडा उचलून बाहेर यायचा. कुणी ढकललं नाही, कुणी उचलून ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळं जेवण आत. चौथ्या दिवशी खाताना दार लावलं आणि वाटी चाटून होताच उघडलं. मग पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. रात्री क्रेटशेजारी खाट टाकून मी पडवीत झोपलो. आई-भावंडांच्या उबेतून आलेलं पिल्लू पहिल्या रात्री रडणारच. जवळ माणसाचा श्वास ऐकू आला की ते लवकर शांत होतं. रडल्याबरोबर दार उघडलं तर रडलं की दार उघडतं हे ते शिकतं. तासन्‌तास रडू दिलं तर त्या जागेची धास्ती घेतं. म्हणून शूची वेळ झाली असेल तर लगेच बाहेर न्यायचं, नाहीतर क्षणभर गप्प होण्याची वाट पाहून दार उघडायचं.

किती वेळ आत ठेवावं? पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवून येतील तेवढे तास, ही दिवसाची कमाल मर्यादा सांगितली जाते. छोट्या जातीचं मूत्राशयही छोटं, म्हणून त्याहून कमीच धरावं. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि झोपण्याआधी बाहेर न्यायचं, दर वेळी त्याच जागी. आमच्याकडे या वेळापत्रकाचे पाच खुंटे आयतेच रोवलेले होते: फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. अजान झाली की आधी बादल बाहेर, मग आमचा वजू. मधल्या फेऱ्या मुलीने वाटून घेतल्या. राहिली मध्यरात्रीची एक. अम्मी तहज्जुदला उठतात. पाचव्या की सहाव्या रात्री त्यांचा आतून आवाज आला, ‘उठ बाबा, उनें कुनकुन कर रहा. बाहर लेके जा उसकू.’ तेव्हापासून त्या फेरीला मला गजर लावावा लागला नाही.

आणखी चार गोष्टी थोडक्यात. क्रेटमध्ये असताना गळ्यात पट्टा नको. जाळीत अडकून फास बसतो. एवढ्याशा पिल्लांच्या रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते, म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि स्पिट्झच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. पत्र्याखाली किंवा उन्हात क्रेट ठेवणं म्हणजे जीव घेणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: क्रेट ही शिक्षा नव्हे. भाच्याने एकदा चप्पल चावली म्हणून बादलला ओरडत आत टाकायला नेलं, तेव्हा माझ्या मुलीने त्याचा हात धरला. ‘ते त्याचं घर आहे, जेल नाही,’ म्हणाली.

आता शरीयतचं. आपल्यात गैरसमज दोन्हीकडे आहेत. कुत्र्याच्या बाबतीत चारही मजहब एका सुरात बोलत नाहीत. दख्खनमध्ये आपण बहुतेक हनफी. हनफी उलेमांच्या प्रचलित मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, पण त्याचं कोरडं अंग कपड्याला लागलं म्हणून कपडा नापाक होत नाही. मालिकी त्याला मुळात पाकच मानतात. शाफईंच्या मते लाळ आणि अंग दोन्ही नापाक. भांडं असो की हात, सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. कोकणी मुसलमान शाफई. माझी बहीण श्रीवर्धनला दिलेली आहे. ती येते तेव्हा पडवीच्या नळाजवळ आम्ही पाटीभर स्वच्छ माती ठेवतो. तिचा मजहब तिला, आमचा आम्हाला. यावरून घरात अजून भांडण झालेलं नाही.

शिकार, जनावरांची राखण किंवा शेतीची राखण यांशिवाय कुत्रा पाळला तर रोज सवाब कमी होतो, ही हदीस मला माहीत आहे, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या परसात तीन शेळ्या आहेत, मागे शेत आहे. बादल राखणदार आहे का? आकाराने नाही, कानाने आहे. उसात सळसळ झाली की आधी तो भुंकतो, मग गल्लीतली कुत्री. ही सवलत त्याला लागू होते की नाही, यावर आमच्या मौलानांशी माझी दोनदा चर्चा झाली आहे आणि तिसऱ्यांदाही होईल. कुणी घरात कुत्रा नको म्हणत असेल, तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण नको म्हणणं वेगळं आणि दगड मारणं वेगळं. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजलं म्हणून माणसाला माफी मिळाली, हीही हदीसच आहे.

आणि मांजरीची हदीस आठवा. एका बाईने मांजर कोंडून ठेवली. तिला स्वतः खाऊ घातलं नाही आणि बाहेर जाऊन खायलाही मोकळं सोडलं नाही. त्यापायी ती बाई जहन्नमला गेली. क्रेट वापरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कुठल्याही धर्माचा असो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. शहरातल्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको दोघं सकाळी नऊला बाहेर पडतात, संध्याकाळी सातला परततात, आणि दहा तास पिल्लू क्रेटमध्ये असतं. नाव क्रेट ट्रेनिंग, प्रत्यक्षात कोंडवाडा. ज्यात नीट हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणं आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याचा माणूस घरात येत नाही. घरात आपणच असतो, आणि कोंडलेल्याचा हिशोब आपल्यालाच द्यायचा असतो.

शिकवण्याबद्दल मात्र मला कुराणातच आधार मिळाला. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे: अल्लाहने तुम्हाला जे ज्ञान दिलं त्यातलं तुम्ही त्यांना शिकवता, आणि त्यांनी तुमच्यासाठी पकडलेलं तुम्हाला हलाल आहे. न शिकलेल्या कुत्र्याने मारलेल्या शिकारीला ही मुभा नाही. म्हणजे इल्मने कुत्र्याचाही दर्जा वाढतो. शाळेत शिकवण्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार मोठी वाटते.

अम्मींशी मी यातलं काही बोललो नव्हतो. त्यांना समजवायला जाणारा मी कोण? त्या दर जुम्माला सूरह कहफ पढतात. गुहेत झोपलेल्या तरुणांच्या त्या कहाणीत एक कुत्रा आहे. तो गुहेच्या उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे. आत नाही, बाहेरही नाही. ते तरुण किती होते यावर लोक वाद घालतात, तीन, पाच, सात, पण प्रत्येक मोजणीत शेवटी कुत्रा धरलेला आहे. एका जुम्माला कुराण मिटून अम्मी पडवीकडे पाहत म्हणाल्या, ‘उसका भी दरवाजेपेच था.’ त्याचाही मुक्काम दारातच होता. पुढे काही बोलल्या नाहीत.

बादल आता साडेसहा महिन्यांचा आहे. छोट्या जातींना शू-शी शिकायला मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त दिवस लागतात, तसे त्यालाही लागले; गेल्या महिन्याभरात मात्र पडवी कोरडी आहे. दिवसा क्रेटचं दार उघडंच असतं. दुपारी कुणी न सांगता तो आत जाऊन झोपतो, पाहुण्यांचा गलका झाला तरी तिथेच जातो. कडी फक्त रात्री लागते, तीही बिबट्यासाठी. मधल्या खोलीचा उंबरा त्याला कळतो. त्यावर हनुवटी टेकून तो अम्मींची नमाज संपायची वाट पाहतो, कारण त्यानंतर मुलगी त्याला बाहेर नेते.

अम्मींनी त्याला अजून हात लावलेला नाही. लावावा असा कुणाचा आग्रहही नाही. त्यांचा मुसल्ला पाक आहे, त्याची गोधडी त्याची आहे, आणि त्या धाकट्याकडे गेलेल्या नाहीत. परवा लोडशेडिंगमध्ये पडवीतला पंखा बंद पडला, तेव्हा आपला हातपंखा त्यांनी माझ्या मुलीकडे दिला आणि म्हणाल्या, ‘उसकू थोडा वारा घाल. उनें बोल नहीं सकता.’