उल्हासच्या खोऱ्यातून : भाईंदर ते पावसाळ्याअखेरचे माथेरान

साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर वसलेल्या मीरा-भाईंदरमधून माथेरानला जाणारा प्रवासी बहुधा हिवाळा किंवा उन्हाळी सुट्टी निवडतो. परंतु हा डोंगर आणि ही खाडी यांचे नाते पाहायचे असेल, तर सप्टेंबरअखेरचे आणि ऑक्टोबरच्या आरंभीचे दिवस अधिक उपयोगी पडतात. नैर्ऋत्य मोसमी वारे साधारणपणे १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबईतून माघार घेतात. या काळातील पावसाला परतीचा पाऊस म्हणतात. आषाढातल्यासारखी संततधार त्यात नसते. पुष्कळदा सकाळ उघडीप देते आणि दुपारनंतर मेघगर्जनेसह सरी येतात, त्यामुळे दरी दिसते आणि तिच्यातले पाणीही दिसते.

भाईंदर सोडताना शहराभोवतीची मिठागरे पावसाच्या पाण्याखाली असतात, कारण मीठ पिकवण्याचा हंगाम पाऊस सुरू होताच संपलेला असतो. दादरला पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर येऊन कर्जतकडे जाणारी लोकल धरली, की कल्याणनंतर इमारती विरळ होत जातात आणि बदलापूरच्या पुढे लोहमार्ग भाताच्या खाचरांमधून, उल्हास नदीच्या खोऱ्यातून धावू लागतो. राजमाचीच्या परिसरातील दऱ्यांत उगम पावणारी ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा प्रवास करत ठाण्याच्या उत्तरेकडून वसईच्या खाडीला मिळते. म्हणजे भाईंदरचा प्रवासी लोकलमधून ज्या दिशेने वर चढत असतो, त्याच्या नेमक्या उलट दिशेने नदी त्याच्या शहराकडे येत असते. शहाड येथे याच नदीतून उचललेले पाणी शुद्ध होऊन मीरा-भाईंदरच्या नळांनाही येते, ही गोष्ट या प्रवासात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नेरळहून माथेरानला जाणारा लोहमार्ग नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत अवघे दोन फूट अंतर असलेला आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली तो उभा राहिला आणि १९०७ मध्ये त्यावरून गाडी धावू लागली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या मार्गाची मोठी हानी झाली होती. दरडींच्या भीतीमुळे दरवर्षी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज ही सेवा बंद ठेवली जाते. या काळात प्रवासी शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जातो आणि तेथून सुमारे अडीच किलोमीटरचे अंतर चालत, घोड्यावरून किंवा तेथील अमन लॉज स्थानक ते माथेरान एवढ्याच टप्प्यात चालणाऱ्या मिनी ट्रेनच्या फेरीने कापतो.

दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारींना प्रवेश नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी १८५० मध्ये या पठाराकडे युरोपीय अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले, तेव्हापासून येथील वाटा मुख्यतः पायी आणि घोड्यावरून जाण्याच्या राहिल्या, आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हणजे जेथे बांधकाम, उद्योग व वाहतूक यांवर कायद्याने विशेष बंधने असतात असा प्रदेश, म्हणून घोषित केले. उंचीबरोबर हवेचे तापमान किलोमीटरमागे सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, या नियमाने सुमारे ८०० मीटर उंचीचे माथेरान खाडीकाठापेक्षा पाचएक अंशांनी थंड असते. त्यात धुके मिसळले, की भाईंदरच्या दमट हवेला सरावलेल्या शरीराला भर दुपारी स्वेटरची आठवण होते. पायाखालची तांबडी माती जांभ्याची आहे: बेसाल्ट हा काळा खडक दीर्घकाळ ऊन-पावसात झिजून, त्यातली विद्राव्य द्रव्ये वाहून गेल्यावर लोह व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा जो सच्छिद्र थर उरतो, तो जांभा. पावसाचे पाणी या थरात मुरते आणि सरी थांबल्यानंतरही कड्यांच्या कपारींतून झिरपत राहते. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या दाट सावलीत खोडांवर शेवाळ आणि नेचे माजलेले असतात, उघड्या कातळावर सोनकी व तेरडा फुललेले असतात आणि पहाटे शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ दरीतून वर येते.

उत्तर टोकावरील पॅनोरमा पॉइंटवर सकाळी ढग विरले, की या प्रवासाचा खरा अर्थ डोळ्यांसमोर उलगडतो. पूर्व उतारावरचे ओहोळ खाली नेरळच्या खोऱ्यात उतरून उल्हासला मिळताना दिसतात. पश्चिमेचे काही पाणी गाढी नदीच्या वाटेने पनवेलच्या खाडीकडे जाते. एखाद्या नदीला ज्या प्रदेशाचे पाणी मिळते, त्याला तिचे पाणलोट क्षेत्र म्हणतात, आणि या अर्थाने माथेरानचा पूर्व उतार व भाईंदरची खाडी ही एकाच पाणलोटाची वरची कड आणि तोंड आहेत. येथील झाडी राहिली, तर पाणी जिरते व माती जागेवर राहते. ती गेली, तर तीच माती पुरासोबत नदीत आणि पुढे खाडीत उतरते.

पावसाळ्यात पर्यटक घटतात, कित्येक हॉटेले बंद राहतात आणि घोडेवाले, हमाल, टपरीवाले यांचे उत्पन्न आटते. हातरिक्षा ओढणाऱ्यांपुढे तर व्यवसाय बदलण्याचाच प्रश्न आहे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अमानवी प्रथा सहा महिन्यांत थांबवून त्यांना ई-रिक्षा देण्याचे निर्देश दिले. अशा वेळी परतीच्या पावसातला प्रवासी या लोकांना मिळणारे पहिले गिऱ्हाईक असतो. म्हणून मीरा-भाईंदरच्या नागरिकांनी आठवड्याच्या मधल्या वारी, लोकलने आणि पायी, या डोंगरावर जावे, आपला कचरा आपल्यासोबत खाली आणावा, आणि मोटारीसाठी दस्तुरीच्या पुढचा रस्ता खुला करण्याची मागणी कधी कानावर आली, तर या उतारावरचे पाणी आपल्याच शहराकडे येते हे जाणून तिला ठामपणे विरोध करावा.