शेऱ्याचा रकाना

चार मराठी वाचक एकत्र बसले आणि कुणी ‘आवडती पुस्तकं सांगा’ म्हटलं, की पहिली तीन नावं कोणती येणार हे डोळे मिटून सांगता येतं. ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’. पहिली १९५९ची, दुसरी १९६२ची, तिसरी १९६७ची. या तीन कादंबऱ्या आजही कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात दर्शनी टेबलावर असतात. मग पु. ल. येतात, पाठोपाठ ‘श्यामची आई’, आणि बोलणारा जरा वेगळं वाचणारा असला तर ‘कोसला’. या पुस्तकांबद्दल माझी काही तक्रार नाही. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, आणि सांगलीत राहून त्यांच्याविरुद्ध बोलायची माझी छातीही नाही. तक्रार आहे ती यादीबद्दल. यादी ऐकून सांगणाऱ्याविषयी काही कळत नाही आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ज्याने वाचलंय तो मान डोलावतो, ज्याने नाही तो ‘वाचायचंय एकदा’ म्हणतो, आणि चहा येतो.

आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावरही आधी असंच चालायचं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी काही जण जमतो. एक निवृत्त गुरुजी, एक मेडिकल स्टोअरचे मालक, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेले एक गृहस्थ, लग्न होऊन अमरावतीहून इकडे आलेल्या एक वहिनी, जत तालुक्यात तलाठी म्हणून लागलेली एक मुलगी, इंजिनिअरिंगची दोन-तीन पोरं आणि मी. हळूहळू काही नियम पडत गेले. एका वेळी एकच पुस्तक सांगायचं. गोष्ट सांगायची नाही. नुसतं नाव घ्यायचं नाही, पुस्तक बरोबर आणायचं. आणि सगळ्यात जाचक नियम म्हणजे ‘वाचलंच पाहिजे’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. बसलेल्यांपैकी कुणी वाचावं आणि का, एवढंच सांगायचं.

हा शेवटचा नियम मेडिकलवाल्यांचा. त्यांचं म्हणणं साधं होतं : “चिठ्ठी बघितल्याशिवाय मी औषध देत नाही, मग माणूस न बघता पुस्तक कसं देऊ?” ग्रंथपालबाईंनी एक जुनी आवक-जावक वही काढून दिली. तिच्यात रकाने आखले : तारीख, पुस्तक, कुणी सांगितलं, कुणी नेलं, आणि शेवटी शेरा. आज ती वही उघडली की पहिल्या चार रकान्यांवरून नजर भराभर खाली जाते आणि शेऱ्यावर अडते. आवडीनिवडीबद्दल मला जे काही कळलंय ते बहुतेक त्या अरुंद रकान्यातून.

गुरुजी आटपाडी तालुक्यातले. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ याच तालुक्यात. त्यांनी ‘बनगरवाडी’ आणली तेव्हा मी मनात म्हटलं, गाववाल्याचं कौतुक चाललंय. पण गुरुजींनी ते पुस्तक आम्हा कुणालाच सुचवलं नाही, तलाठी मुलीपुढे सरकवलं. तिची नेमणूक होऊन थोडेच दिवस झाले होते. गावात कुणी सरळ बोलत नाही, चावडीत बसलं की लोक लांबूनच बघतात, असं ती मागच्या बैठकीत म्हणाली होती. गुरुजी म्हणाले, “पोरी, यात एक पोरसवदा मास्तर परक्या गावात नोकरीवर जातो. लेखक मोठा आहे वगैरे सोडून दे. गाव त्याला कसं आत घेतं आणि किती वेळ लावतं, तेवढंच बघ.”

१९५५ सालच्या या कादंबरीबद्दल मी बरंच ऐकलं होतं. माणदेश, धनगरी जीवन, दुष्काळ, चित्रकाराची नजर. ते सगळं खरं. पण सरकारी नोकरीत नव्याने लागलेल्या माणसाने वाचायचं पुस्तक म्हणून तिच्याकडे बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं. गुरुजींनी स्वतः एकशिक्षकी शाळेवर उमेदवारी केलेली, त्यामुळे ते त्या पुस्तकात वेगळ्याच दाराने शिरले होते. मुलीने पुस्तक परत केलं तेव्हा शेऱ्यात लिहिलं : “तालमीपर्यंत एका रात्रीत. मग दोन दिवस उघडलं नाही. आता गावात लवकर जाते.” एखाद्या समीक्षकाने चार पानं लिहिली असती तरी मला याहून जास्त कळलं नसतं.

वहिनींची गोष्ट निराळी. त्यांनी ‘धग’ आणली. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६०ची. कौतिक नावाच्या बाईचा संसार, आणि तो तगवण्यासाठी तिने घेतलेले कष्ट. संवाद वऱ्हाडीत. आमच्या कृष्णाकाठच्या कानांना ती बोली परकी, म्हणून आमच्यातल्या एक-दोघांनी ती पूर्वी घेऊन तशीच परत केलेली. वहिनी म्हणाल्या, “पहिली दहा पानं डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा,” आणि स्वतःच एक पान वाचून दाखवलं. एरवी त्या आमच्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलतात. त्या पानावर त्यांचा आवाज बदलला, हेल बदलला. त्या संध्याकाळी आम्हाला ‘धग’ कळली आणि वहिनीही कळल्या. सासरी आल्यापासून आपलं बोलणं त्यांनी घडी घालून ठेवलं होतं. वहीत त्या महिन्यात ‘कुणी नेलं’च्या रकान्यात रांग लागली. एका शेऱ्यात आहे : “आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, हे तर आपल्याकडचंच.” लिहिणाऱ्याची आई मिरज तालुक्यातली आहे.

आपण पुस्तक सुचवतो तेव्हा त्या पुस्तकाबद्दल बोलतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण आपल्या आयुष्यातला एक कोपरा समोरच्याला दाखवत असतो. म्हणूनच काही लोक सुचवायला लाजतात, आणि विचारलं की सुरक्षित नावं सांगून मोकळे होतात. ‘मृत्युंजय’ सांगण्यात धोका नाही, कुणी हसणार नाही. पण ‘मला लहानपणी वाचलेलं “पाडस” अजून आवडतं’ हे पन्नाशीच्या माणसाने चारचौघांत म्हणायला धीर लागतो. राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद मुळात अमेरिकेतल्या रानावनात वाढणाऱ्या एका मुलाची आणि त्याच्या हरणाच्या पाडसाची गोष्ट. आमच्या दिवाणजींनी ते एकदा आणलं, टेबलावर ठेवलं, “ज्याच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्याने न्या,” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. सबंध कट्ट्यात आजवर झालेली ती सर्वांत छोटी शिफारस. आणि सर्वांत पक्की.

दिवाणजींचा मला एरवी वेगळाच उपयोग होतो. त्यांची आणि माझी आवड अजिबात जुळत नाही. त्यांना इतिहास हवा, ठळक माणसं हवीत, शेवटी न्याय झालेला हवा. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वर त्यांनी शेरा मारला : “बोटीवरचं प्रेम. सगळं अर्धंच राहतं. शेवट वाईट.” १९३९ची ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. हिंदी चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. सगळं अर्धंच राहणं हाच तिचा प्राण आहे. तलाठी मुलीने तो शेरा वाचला आणि पुस्तक तिथल्या तिथे पिशवीत टाकलं. दिवाणजींना नावडलेलं आपल्याला आवडतं, हे तिनेही तोवर ताडलं होतं. आवड जुळणाऱ्या मित्राने सुचवलेलं पुस्तक आपल्याला बहुधा आधीच ठाऊक असतं. नवा रस्ता दाखवतो तो विरुद्ध आवडीचा माणूस, फक्त त्याने प्रामाणिकपणे नाक मुरडायला हवं. ‘ठीक आहे’, ‘बरं आहे’, ‘वाचनीय’ असले शेरे कुणाच्याच कामाचे नाहीत. आमच्या कट्ट्यावर ‘वाचनीय’ हा शब्द आता चेष्टेत वापरतात.

पुस्तक कुणासाठी, हा प्रश्न सोडवला तरी कधी, हा उरतोच. ‘कोसला’ (१९६३) इंजिनिअरिंगच्या एका मुलाने आणली आणि हट्टाने मेडिकलवाल्यांच्या हातात दिली. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही गोष्ट. पुढच्या बैठकीत मालक म्हणाले, “अहो, एवढी पानं झाली, पोरगं काही करेचना.” मुलगा म्हणाला, “काका, तेच तर आहे.” काका हसले नाहीत. शेऱ्यात त्यांनी लिहिलं : “पान ६०ला सोडलं.” पुढे त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्याला होस्टेलवर गेला. कुणी न सांगता त्यांनी पुस्तक परत काढलं. पहिल्या शेऱ्याखाली वेगळ्या शाईत दुसरी ओळ आहे : “पूर्ण. यावेळी बापाच्या बाजूने वाचलं.” नेमाड्यांनी बापाच्या बाजूने काही लिहिलंय असं म्हणायला मी धजणार नाही, पण पुस्तकात ती बाजू रिकामी ठेवलेली आहे आणि बाप होऊन वाचणारा तिथे जाऊन उभा राहू शकतो, एवढं मात्र त्या ओळीने दाखवलं. आपण सुचवलेलं पुस्तक समोरच्याने अर्धवट टाकलं तर वाईट वाटून घेऊ नये. कधी माणूस बरोबर असतो आणि वेळ चुकलेली असते.

पुस्तकाची वाचकाशी गाठ घालून देणं हे काम आम्ही शोधून काढलेलं नाही. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली, त्यातली दोन सूत्रं हीच आहेत : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपल्याकडे १९७४मध्ये ‘ग्रंथाली’ सुरू झाली ती वाचकांची चळवळ म्हणूनच, आणि दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८मध्ये तिच्यातूनच आलं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’मधून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरतात, पार परदेशातल्या मराठी घरांपर्यंत जातात. साताऱ्याकडच्या भिलारला २०१७पासून घराघरांत पुस्तकं मांडून ठेवली आहेत. या सगळ्यांनी पुस्तक वाचकाच्या उंबऱ्यापर्यंत आणलं. उंबऱ्याच्या आत ते एका माणसाने दुसऱ्याला सांगितल्यावरच जातं.

याचा सर्वांत मोठा पुरावा मला ‘एक होता कार्व्हर’मध्ये दिसतो. १९८१ साली आलेलं, एका कृष्णवर्णीय अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र. लेखिका वीणा गवाणकर, ग्रंथपालाचं काम केलेल्या. कार्व्हर आपल्याकडच्या कुठल्याच जातीचा, प्रांताचा किंवा पक्षाचा नाही, त्याच्यावर मालिका नाही, तरी बक्षीस समारंभात, वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला हे पुस्तक अजून दिलं जातं. देणारा माणूस पहिल्या पानावर दोन ओळी लिहितो. आमच्या वाचनालयाला देणगीत आलेल्या एका प्रतीवर तीन हस्ताक्षरं आहेत : काकाने पुतण्याला दिलेलं, पुतण्याने शाळेतल्या मित्राला, मित्राने आपल्या मुलीला. प्रत्येकाने आधीच्याचं नाव खोडायचं टाळलंय.

आता कुणी म्हणेल, हे सगळं करायला वेळ कुणाला आहे. मोबाइलवर ‘वाचावीत अशी शंभर पुस्तकं’ मिळतातच की. मिळतात. त्या याद्या मीही बघतो आणि त्यातून एक फायदा नक्की होतो : न वाचलेल्या पुस्तकांचं ओझं वाढतं. शंभर नावांपैकी एकही माझा चेहरा बघून निवडलेलं नसतं. यादी करणाऱ्याला मी माहीत नाही, मला तो माहीत नाही, त्याला काय आवडत नाही हे तर तो कधीच सांगत नाही. त्यापेक्षा गुरुजींनी तीन वाक्यांत दिलेलं एक पुस्तक केव्हाही जास्त.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘काहीतरी चांगलं सुचवा’ म्हटलं, तर लगेच आपलं लाडकं नाव पुढे करू नका. आधी विचारा, अलीकडे कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि का. ते नीट ऐका. मग एकच नाव सांगा, हे तुमच्यासाठीच का ते एका वाक्यात सांगा, आणि प्रत घरात असेल तर हातात द्या. देताना मात्र कुठेतरी लिहून ठेवा, कारण मराठी माणूस उसने पैसे एकवेळ परत करतो, पुस्तक करत नाही. परत आलंच, तर शेरा मागायला विसरू नका.