चौथ्या दिवशी, चौदाव्या दिवशी

घरात मय्यत झाली की शेजारपाजारचे डबे घेऊन येतात. मुअताच्या लढाईत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले होते, ती रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. पण त्याच घरातले मूल चौथ्या दिवशी दप्तर घेऊन वर्गात येते, तेव्हा काय करायचे हे फारशा कुणाला सुचत नाही.

मी कुळगावात मराठी शाळेत शिकवते. इथल्या कितीतरी मुलांचे वडील पहाटेची लोकल पकडतात, त्यामुळे रेल्वेची बातमी इथे घरचीच बातमी असते. 9 जून 2025 ला सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जण गेले. त्यातली एक गाडी कर्जतची, म्हणजे आमच्याच मार्गावरची. आठवड्याने, 16 जूनला शाळा उघडली. नव्या पुस्तकांचा वास राहिला बाजूला, मुलांना त्या गाडीबद्दलच बोलायचे होते. मी तो तास बोलण्यासाठीच ठेवला. फळ्यावर तारखेशिवाय काही लिहिले नाही.

त्याच वर्षी वर्गातल्या दोघांचे वडील गेले, दोघेही आजाराने. मुलगी आपल्यातली, तीन दिवस झाले आणि चौथ्या दिवशी ती आली. मुलगा हिंदू घरातला, तो तेरावा उरकून चौदाव्या दिवशी आला. तो येण्याआधीच मी वर्गाला सांगून ठेवले होते, की त्याचे मुंडण झालेले असेल, टोपी घालून येईल, ती कुणी ओढायची नाही. शिक्षकांच्या खोलीतही सांगितले, कारण “वर्गात टोपी काढ” हे आमच्या तोंडी बसलेले वाक्य आहे. मुलांनी उलट मलाच विचारले, “बाई, त्याच्याशी काय बोलायचं?” “नेहमीचंच बोला,” म्हटले, “आणि राहिलेला अभ्यास त्याला द्या.” चौघांनी वह्या आणल्या.

मुलीला बिचारी म्हटलेले आवडत नसे. यतीम हा शब्द आपण किती कीव आणून उच्चारतो! प्रेषितांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले आणि आई ते सहा वर्षांचे असताना. तरी हा शब्द आपल्या तोंडी दयेचाच राहिला. तिला हवे होते ते वेगळेच. अब्बांबद्दल कुणीतरी विचारावे, असे तिला वाटे. निबंधाला मी ‘माझे बाबा’ऐवजी ‘माझ्या घरातले एक माणूस’ असा विषय दिला. तिने अब्बांवरच लिहिले, दोन पाने भरून, बिर्याणीत बटाटा घालण्यावरून घरात होणाऱ्या भांडणासकट.

दोघांच्याही आयांना बालसंगोपन योजनेची माहिती नव्हती. आई किंवा वडील यांपैकी एकच गेले असले तरी तिच्यासाठी अर्ज करता येतो आणि अर्ज मंजूर झाल्यास मुलाला दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो. मृत्यूचा दाखला जपून ठेवा, एवढे मी प्रत्येक घरी सांगते.

मुलांचे निदान कुणीतरी पाहते. शिक्षिकेचे कोण पाहणार? आमच्या एका सहकारी बाईंचे पती वारले. इद्दत चार महिने दहा दिवसांची, रजा मात्र थोडीच, आणि घरात कमावणारे दुसरे कुणी नाही. पोटापाण्यासाठी दिवसा बाहेर पडण्याची मुभा हनफी फिकहमध्ये आहे, पण गल्लीत कुजबूज व्हायची ती झालीच. त्या विसाव्या दिवशी वर्गावर आल्या. धडा वाचताना एका ओळीपाशी त्यांचा आवाज थांबला. पहिल्या बाकावरच्या मुलीने पुस्तक उचलून पुढची ओळ वाचली, मग तिच्या शेजारणीने. तास संपेपर्यंत मुली आळीपाळीने वाचत राहिल्या आणि बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. पुढे इद्दत पुरी होईपर्यंत त्यांचा शेवटचा तास आम्ही चौघींनी वाटून घेतला, म्हणजे त्यांना असरच्या आत घरी पोहोचता येई.