विश्वस्त मंडळात कोणी बसायचं?

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात काम करणाऱ्या एखाद्या सेवाभावी संस्थेला विश्वस्त निवडायचे असले की आधी आठवतात ती नावं ठरलेली असतात: मंचरचे डॉक्टर, घोडेगावचे वकील, नारायणगावचे बागायतदार, पुण्यातले निवृत्त अधिकारी. ही माणसं वेळ देतात, पदरमोडही करतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही माझं ठाम मत आहे की, ज्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबांसाठी संस्था चालते, त्यांच्यातली माणसं मंडळावर असल्याशिवाय मंडळाचं काम नीट होत नाही. तीही शोभेला एखादी नव्हे, तर न पटलेला ठराव अडवता येईल इतकी.

कारण मंडळाचं मुख्य काम विचारण्याचं आहे. पैसा कुठून आला, कशावर खर्च झाला, आणि ज्यांच्या नावाने आला त्यांच्या उपयोगी पडला का? पहिल्या दोन प्रश्नांची सोय १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने केली आहे. दरवर्षी हिशेबतपासणी होते, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. तिसरा प्रश्न कायद्याने मंडळाच्या विवेकावर सोडला आहे. ताळेबंद बिनचूक असतो, आणि तरी ऐन पावसात बालवाडीला कुलूप असू शकतं. बियाण्याची पावती खरी असते, पण बियाणं पेरणी उलटल्यावर पोचलेलं असू शकतं. हिशेबतपासनिसाला कागदावर यातलं काही दिसणार नाही. आहुप्याच्या किंवा हातवीजच्या बाईला ते कागदाशिवाय दिसतं, आणि ते बोलायला तिला मंडळात जागा नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो कुवतीचा. कमी शिकलेल्या माणसांना हिशेब कसे कळणार? पण सरकारी कायद्यांनीच हा विश्वास केव्हाच टाकला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत १० ते १५ माणसं असतात आणि त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. डिंभे धरणात ज्यांची शेतं गेली, त्या कुटुंबांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या मदतीने मच्छीमारांची सहकारी संस्था उभी करून त्याच जलाशयात मासेमारी सुरू केली. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. याहून जुना पुरावा जुन्नरच्या लेण्यांत कोरलेला आहे. सातवाहनांच्या आगेमागे इथल्या दात्यांनी धर्मादायासाठीचा पैसा बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून सोपवल्याचे शिलालेख आहेत. हाताने काम करणाऱ्यांच्या संघटनांवर लोकांचा पैसा सांभाळण्याची जबाबदारी याच मातीत टाकली गेली होती. तेव्हा प्रश्न कुवतीचा नाही. ताळेबंद समजून घ्यायला निवृत्त अधिकाऱ्यालाही कोणीतरी शिकवावंच लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. लाभार्थीच विश्वस्त झाला, तर आपल्या वाडीला, आपल्या भावकीला झुकतं माप देईल. हे घडू शकतं. म्हणूनच ज्या विषयात स्वतःचा लाभ आहे, त्या वेळी सदस्याने बैठकीतून उठून जावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी, हा नियम हवाच. पण तो सगळ्यांना लागू करावा. संस्थापकाची पत्नी, मुलगा, मेहुणा एकाच मंडळात असतात, बांधकामाचं कंत्राट ओळखीत जातं, तेव्हा हितसंबंधाची चर्चा क्वचितच होते. गरिबाच्या हितसंबंधावर नजर ठेवायची आणि आपल्याकडे डोळेझाक करायची, हे मला अन्यायाचं वाटतं. शिवाय वाडीतल्या विश्वस्ताने पक्षपात केला तर तो पाणवठ्यावर उघड होतो. पुण्यातल्या विश्वस्ताला तसं कोणी गाठून विचारत नाही.

देणगीदारांना ओळखीची नावं हवी असतात, हेही खरं आहे. ती राहू द्यावीत. डॉक्टर-वकिलांना काढा असं माझं म्हणणं नाही. मात्र नवी माणसं घेतली, तर बैठकीची रीत बदलावी लागेल. भातलावणीच्या आणि हिरडा गोळा करण्याच्या दिवसांत बैठक ठेवली, तर ज्यांना बोलावलं तेच येणार नाहीत. ती तळेघरला किंवा आपटाळ्याला घ्यावी, एसटीच्या वेळा पाहून ठरवावी, येण्याजाण्याचा खर्च संस्थेने द्यावा. इंग्रजीतला ताळेबंद आदल्या रात्री मोबाइलवर पाठवून चालणार नाही. जमाखर्च मराठीत, एकेक रक्कम मोठ्याने वाचून सांगावा लागेल. त्याने बैठक दोन तास लांबेल, आणि काही रकमांपाशी ती अडेलही.