सिल्वासाचे डेलकर

स्वीडनच्या मोना सालिन यांची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. १९९५ साली सरकारी कार्डावर केलेली खासगी खरेदी उघड झाली, त्यात टॉब्लेरॉन चॉकलेटही होते. उपपंतप्रधानपद गेले, पंतप्रधानपदाची संधी हुकली. १९९८ मध्ये त्या पुन्हा मंत्री झाल्या आणि २००७ मध्ये पक्षाच्या अध्यक्षा. पडून उठलेल्या पुढाऱ्यांचा विषय निघाला की मला मात्र सिल्वासाचे मोहन डेलकर आठवतात. त्यांच्या बाबतीत सगळी खळबळ उडाली ती पुनरागमनानंतर.

आम्हा गोमंतकीयांना सिल्वासा परके नाही. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली त्या लढ्यात गोव्याचे लोक होते, महाराष्ट्रातून गेलेले सुधीर फडकेही होते. २ ऑगस्ट हा तिथला मुक्तिदिन. पुढे आम्हाला १९६३ मध्ये विधानसभा मिळाली, १९८७ मध्ये राज्य मिळाले. त्यांना विधानसभा मिळालीच नाही. लोकांनी निवडून दिल्लीला पाठवायचा तो एक खासदार, आणि कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाचा.

डेलकर आदिवासी समाजातले. वडील सानजीभाई १९६७ साली खासदार झाले होते. मोहनभाई पुढे आले ते कारखान्यांतल्या आदिवासी कामगारांचे प्रश्न घेऊन. १९८९ मध्ये अपक्ष, मग दोनदा काँग्रेस, १९९८ मध्ये भाजप, १९९९ मध्ये पुन्हा अपक्ष, २००४ मध्ये भारतीय नवशक्ती पक्ष. सलग सहा विजय! पाटी बदलली, माणूस तोच. (पक्षांतराला गोव्यात बसून आम्ही काय हसावे?) २००९ आणि २०१४ मध्ये मात्र भाजपच्या नटूभाई पटेलांनी त्यांना हरवले. दहा वर्षे घरी बसल्यावर बहुतेक पुढारी विस्मृतीत जातात. हे २०१९ मध्ये अपक्ष उभे राहिले आणि त्याच पटेलांना ९,००१ मतांनी हरवून सातव्यांदा लोकसभेत गेले.

पण परत आले ते कशावर? खासदारकी मिळाली, सत्ता प्रशासनाकडेच होती. प्रशासन आपल्याला त्रास देते, मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात लोकांशी बोलूही दिले नाही, अशी तक्रार त्यांनी २०२० मध्ये लोकसभेतच मांडली. ज्या दिवसासाठी आमची माणसे तिथे गेली, त्याच दिवशी तिथल्या निवडून आलेल्या एकमेव प्रतिनिधीला बोलता येऊ नये, हे मला आजही खुपते.

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या एका हॉटेलात त्यांनी आत्महत्या केली. मागे गुजराती चिठ्ठी होती. तिच्यात नावे असलेल्या अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२२ मध्ये रद्द केला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या लेखी प्रकरण मिटले.

२०२१ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी कलाबेन शिवसेनेच्या तिकिटावर पन्नास हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. २०२४ मध्ये त्या पुन्हा जिंकल्या, या खेपेस भाजपकडून.