सव्वासहाची कसर

उर्दूत अपूर्णांकाला 'कस्र' म्हणतात. अरबीत त्याचा मूळ अर्थ मोडणे. आपण मराठीत 'कसर भरून काढली' म्हणतो, ती कसर याच घराण्यातली. पूर्ण वर्ग पद्धतीत मुलांना कसरच भरून काढायची असते, आणि तिथेच त्यांचं घोडं अडतं.

मी भाषेचा शिक्षक. पण उर्दू शाळेतून मराठी माध्यमात आलेली मुलं शब्दांसाठी माझ्याकडे येतात, आणि 'मुरब्बा' म्हणजे वर्ग हे सांगता सांगता गणितही येतंच. गडचिरोलीकडची एक सुताराची मुलगी चंद्रपुरात खालाकडे राहून दहावी करत होती. गणितात नापास झाली तर घरी परत, हे ठरलेलं होतं. क्ष² + ५क्ष = १४ इथपर्यंत ती बरोबर यायची. ५ चं अर्धं करून वर्ग केला की वहीत २५/४ उभे राहायचे, आणि पेन थांबायचं.

मी तिला म्हटलं, "२५/४ वाचू नकोस. अब्बा कसं बोलतील ते सांग."

"सव्वासहा," ती लगेच म्हणाली.

मग कागद कापला. क्ष बाजूचा चौरस, आणि ५ रुंदीची पट्टी उभी चिरून अडीच-अडीचच्या दोन. एक उजवीकडे, एक खाली. कोपरा रिकामा राहिला, अडीच बाय अडीच. तो भरायला सव्वासहा लागतात. इथे घातले की चौदातही घालायचे, म्हणजे सव्वावीस. त्याचं मूळ साडेचार. अडीच वजा केले, उरले दोन. सवा, साडे, अडीच-ढाई हे सगळं तिला दोन्ही भाषांत घरून येत होतं. शाळेने मात्र ते छेदाच्या रेघेवर टांगलं. जुने लोक अडीचकी पाठ करायचे ते उगीच नव्हे.

नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मींनी क्ष² + १०क्ष = ३९ सोडवलं. दहाचं अर्धं पाच, अपूर्णांकाची गरजच नाही. तरी त्यांच्या पहिल्या आकृतीत दहाचे चार भाग आहेत, चारही बाजूंना अडीच-अडीच. चार कोपरे सव्वासहाचे, मिळून पंचवीस.

कसर टाळायचीच असेल तर श्रीधराचार्यांची युक्ती आहे. त्यांचं बीजगणित आज मिळत नाही, पण भास्कराचार्यांनी तो नियम नोंदवून ठेवला. सगळ्याला चारने गुणा: ४क्ष² + २०क्ष = ५६. दोन्हीकडे २५ मिळवा. (२क्ष + ५)² = ८१. अपूर्णांक कुठेच नाही. मुलीला ही रीत आवडली, पण पेपरात तिने अडीचचीच वापरली. कोपरा दिसतो म्हणाली.

उणे सातचं उत्तर मात्र कागदावर दिसेना. साडेचारच्या जागी उणे साडेचार घेतले की ते येतं, पण उणे बाजूचा चौरस कापणार कसा? अल-ख्वारिझ्मीसुद्धा उणे उत्तर घेत नसत, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "सर, त्यांना मग एकच मार्क मिळाला असता."